राजगड-तोरणा-रायगड, आणि बाबा

तर मंडळी, गेले तीन विकांत इथे काही लिहिलं नाही. पहिल्या विकांताला रिलीज होतं, दुसऱ्याला ट्रेकला गेलो होतो, आणि तिसरा नुसता बसून घालवला, कारण ट्रेकबद्दल लिहावं की नाही तेच ठरत नव्हतं. राजगड-तोरणा-रायगडची वर्णनं जालावर पोत्याने पडली आहेत. किती वाजता निघालो, कुठे पोहे खाल्ले, कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे, सगळं मिळेल. ते सगळं इथे पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. थोडं येईलच म्हणा, त्याला इलाज नाही.

बेत मुळात हापिसातल्या पाच जणांचा होता. डिसेंबरात पाच दिवसांची रजा, राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यापासून रायगडापर्यंत चालत, सोबत तोरण्याच्या पायथ्याचे एक वाटाडे मामा. मामांना पाच माणसांचं सांगून ठेवलं होतं, वाटेतल्या गावांत जेवणा-झोपण्याची सोय त्यांनीच केली होती. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात दोघांनी टांग दिली. एकाला ऑनसाइट लागलं, दुसऱ्याच्या बायकोने रजेकडे वेगळ्या नजरेने बघितलं. रात्री घरी श्रीवर्धनला फोन केला तेव्हा सहज हे सांगितलं, तर बाबा म्हणाले, "मी येऊ का?"

मला वाटलं मस्करी करतायत. बाबा साठीचे. एसटीत कंडक्टर होते, श्रीवर्धन आगारात, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. श्रीवर्धन-पुणे गाडीवर ताम्हिणीने किती फेऱ्या केल्या असतील याचा हिशेब त्यांच्याकडेही नसेल (आणि हिशेबात ते पक्के आहेत). "आयुष्यभर घाट चढलो, पण गाडीत उभ्याने," म्हणाले. "एकदा पायांनी चढून बघू." आईने मागून काहीतरी ओरडून विरोध नोंदवला, पण तोवर त्यांनी बुटाचा विषय काढला होता.

डेकॅथलॉनमधून त्यांना बूट घेतले. बाबांनी किंमत बघितली आणि ते परत खोक्यात ठेवले. शेवटी स्वतःचे जुने कॅनव्हासचेच घालून आले.

पहिल्या दिवसाचं फार लिहीत नाही. गुंजवण्यातून चोरदरवाजाची वाट, शेवटी रेलिंगला धरून छातीवरची चढण, पद्मावती माची, झुणका-भाकरी आणि ताक. बालेकिल्ला केला, सुवेळा माची लांबूनच बघितली, आणि उन्हाने भाजत संजीवनीवर गेलो. संजीवनीची ती दुहेरी तटबंदी बघून आमचा इंदूरवाला, जो सिक्युरिटी टीममध्ये आहे, अर्धा तास हललाच नाही. बाहेरचा तट पडला तरी शत्रू आत येऊन दोन तटांच्या मधल्या चिंचोळ्या बोळात अडकतो. त्याने त्याचे सतरा फोटो काढले. पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये येणार, लिहून ठेवा.

राजगड पंचवीसेक वर्षं राजधानी होता, मग राजधानी रायगडावर गेली आणि १६७४ साली राज्याभिषेक तिथे झाला. म्हणजे आम्ही चाललो होतो ती वाट ढोबळमानाने राजधानीच्या बदलीची वाट. आमच्याकडे एक डेटा सेंटर हलवायला अठरा महिने आणि चार मॅनेजर लागले होते. राजधानी का हलवली यावर नागपूरकराने इतिहासाच्या पुस्तकातली कारणं सांगितली, अवघड कडे, वेढा घालायला कठीण वगैरे. बाबा म्हणाले, "आणि आमचा समुद्र जवळ." मामा हसले. तिथून त्यांचं जमलं. बाबा कंडक्टर होते हे कळल्यावर मामा त्यांना "मास्तर" म्हणायला लागले, आणि पुढचे चार दिवस आम्ही तिघं इंजिनियर मागे आणि मामा-मास्तर पुढे, असाच क्रम राहिला.

मामा चालताना फार बोलत नाहीत. हातात कोयता, खांद्यावर घोंगडी, पायात टायरच्या सोलच्या चपला. "अजून किती?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं, "ह्ये काय, आलंच." हे "आलंच" पाच मिनिटांपासून अडीच तासांपर्यंत कितीही असू शकतं. बाबांनी दुसऱ्या दिवशी ते मोजायला सुरुवात केली. कंडक्टरच तो. म्हणाले, मामा मान न वळवता "आलंच" म्हणाले तर लांब आहे, थांबून म्हणाले तर खरंच आलं. पुढे हे शंभर टक्के बरोबर निघालं.

रात्री खिंडीतल्या एका घरी राहिलो आणि दुसऱ्या दिवशी तोरणा. राजगडावरून समोर इतका जवळ दिसतो की वाटतं तासाभराचं काम. ती मधली धार चढउतार करत संपता संपत नाही, आणि शेवटी बुधला माचीखाली कातळ आणि घसारा. तोरणा चौदाशे मीटरच्या आसपास उंच आहे. हिमालयवाले हसतील, हसू देत. गेल्या वर्षी हापिसातली एक गँग उत्तराखंडात जाऊन आली, ती रोज सकाळी बेड-टी मिळायचा म्हणून सांगते. बुधल्याखालच्या घसाऱ्यावर दुपारी दोन वाजता त्यांना उभं करायला हवं.

मेंगाईच्या देवळापाशी बसलो असताना नागपूरकराने मामांना बातमी दिली की जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले, राजगड आहे, रायगड आहे. मामांनी विचारलं, "आन तोरणा?" तोरणा नाही म्हटल्यावर गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हाराजांनी आधी घेतला त्यो ह्यो." त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटला. औरंगजेबाच्या फौजेलासुद्धा १७०४ साली हा किल्ला लढून घ्यावा लागला होता. पण यादी करणाऱ्यांचे निकष वेगळे असतात, हे मी मामांना सांगायला गेलो नाही. आमच्या अप्रेझलचं तरी मला कुठे कळतं.

आल्या वाटेने कोकण दरवाजातून परत बुधल्याकडे आणि तिथून भट्टीच्या अंगाला उतरलो. उतरताना माझी आणि मामांची एक चकमक झाली. माझ्या मोबाइलमध्ये कुणीतरी जालावर टाकलेला जीपीएसचा माग उतरवून घेतला होता आणि तो डावीकडे दाखवत होता. मामा उजवीकडे निघाले. मी म्हटलं, मामा, वाट इकडे आहे. "ती वाट न्हाय दादा, ढोरवाट हाय." मी हट्ट धरला. सॅटेलाइट खोटं बोलेल का? मामा थांबले, दगडावर बसले, चंची काढली आणि म्हणाले, या बघून. मी आणि इंदूरवाला वीस मिनिटं कारवीतून घुसलो आणि एका कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी पोचलो. तिथे खरोखरच एक गाय उभी होती. परत आलो तेव्हा बाबा आणि मामा पोफळीबद्दल बोलत होते. मामांनी मला एक शब्द ऐकवला नाही, आणि तेच जास्त लागलं.

आता पोफळीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. आमची वाडी मोठी नाही, पण पणजोबांपासूनची. नारळ थोडे, बाकी सगळ्या पोफळी. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं तेव्हा मी घरीच होतो. नुकता नोकरीला लागलेला, लॉकडाऊन, घरून काम. दुपारी वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला. आम्ही माजघरात बसून आवाज ऐकत होतो. पोफळ मोडताना आवाज होतो तो मला लिहून सांगता येणार नाही. एकामागून एक. बाबा सुरुवातीला मोजत होते, मग थांबले. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर वाडीतून थेट रस्ता दिसत होता. जन्मात तो तिथून कधी दिसला नव्हता.

वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. मोबाइलला रेंज नाही. आठव्या दिवशी मी ई-पास मिळवला आणि पुण्याला निघून आलो, कारण "कनेक्टिव्हिटी इश्यू"वर माझ्या तेव्हाच्या लीडचा चौथा मेसेज आला होता. बाबा तेव्हा पडलेल्या झाडांखालून वाट करत होते. मी बॅग घेऊन त्याच वाटेने रस्त्यावर आलो. त्यांनी कोयता खाली ठेवून माझी बॅग गाडीपर्यंत आणून दिली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथेही लिहिणार नव्हतो. असो.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी दोनशे नवीन रोपं लावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. दरम्यान मी पुण्यात फ्लॅट बघायला लागलो, आणि गेल्या गणपतीत जेवता जेवता म्हणून गेलो, "कशाला ठेवलीय एवढी वाडी? शिपायला माणूस मिळत नाही म्हणता, तर विकून टाका ना." बाबा काही बोलले नाहीत. आईने भात वाढला.

तर तिसऱ्या रात्री मोहरीत होतो. मामांची सासुरवाडी तिथली. सारवलेली ओसरी, नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, आणि थंडी अशी की स्लीपिंग बॅगमध्ये सॉक्स घालून झोपलो. नागपूरकर आणि इंदूरवाला दोन मिनिटांत गार. मला झोप लागेना. ओसरीच्या कडेला बाबा आणि मामा शेकोटीपाशी बसले होते.

मामा विचारत होते, नव्या लावलेल्या किती जगल्या.

"दीडशेच्या वर आहेत. बाकीच्या गेल्या."

"मंग दोन वर्सांत धरतील की."

"धरतील. पण काढायला वर चढणार कोण? मला आता होत नाही. गडी मिळत नाही. पोरगा यायचा नाही."

मामा काही बोलले नाहीत.

"मुंबईचं एक गिऱ्हाईक आहे. रस्त्याकडची निम्मी मागतोय, त्याला होम-स्टे बांधायचाय. देऊन टाकतो. याचं पुण्यातलं घर होईल. त्याला अजून सांगितलं नाही."

बराच वेळ नुसता लाकडांचा आवाज. मग मामा म्हणाले, "माझं दोघं बी तिकडंच हायती. धाकला हिंजवडीला कंपनीची गाडी चालवतो." आणि मग त्यांनी रोठा सुपारी आतून मऊ असते ती कशाने, असं विचारलं आणि बाबा ते समजावून सांगू लागले. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

सकाळी उठून रायलिंगच्या पठारावर गेलो. मंडळी, या ट्रेकमधली एकच जागा बघायची असेल तर ही बघा. पठार संपतं तिथे समोर, मध्ये फक्त दरी ठेवून, लिंगाणा उभा आहे. शिवलिंगासारखा, म्हणून लिंगाणा. शिवकाळात तिथे कैदी ठेवत, आणि समोरून बघितल्यावर तुरुंगाला भिंती का लागल्या नसतील ते कळतं. त्याच्या मागे धुक्यातून रायगड. आणि खाली कोकण. मी रायगड जिल्ह्यात जन्मलो, वाढलो, पण आपला जिल्हा असा वरून कधी बघितला नव्हता. आम्ही घाटाकडे नेहमी खालून बघतो. आमच्यासाठी ती पूर्वेची निळी भिंत, जिच्यामागे पुणं असतं. बाबा हात डोळ्यांवर धरून पश्चिमेकडे बघत होते. समुद्र काही दिसत नव्हता, नुसता धुरकट पट्टा. तरी ते बोटाने दाखवत होते, तो गोरेगावचा बाजू, त्याच्यामागे म्हसळा, आणि मग आपण.

उतरायचं सिंगापूरच्या नाळेने. (हो, सिंगापूर. इंदूरवाल्याने "ऑनसाइट सिंगापूर" असं स्टेटस टाकलं आणि त्याच्या सासरहून फोन आला.) नाळ म्हणजे दोन डोंगरांच्या मधली पाण्याने कोरलेली तीव्र उताराची घळ. रस्ते नव्हते तेव्हा घाटावरचं आणि कोकणातलं सगळं जाणं-येणं अशाच वाटांनी, डोक्यावर ओझी घेऊन चाले. मामांची सासू लग्नाआधी या वाटेने खाली बाजाराला जायची. मी ट्रेकिंग पोल दोन्ही हातांत घेऊन निघालो.

एका ठिकाणी वाट कडेकडेने आडवी जाते. फार लांब नाही, पंधरा-वीस पावलं. पण बारीक खडीचा घसारा आणि उजव्या हाताला काही नाही. मामा गेले, नागपूरकर गेला, इंदूरवाला बसत बसत गेला. मी मध्यावर पोचलो, एक पाय सरकला, खडी खाली जाताना खूप वेळ ऐकू आली, आणि मी थिजलो. खरंच थिजलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना, पाय शिवणयंत्रासारखे हलायला लागले. मामा पलीकडून "दादा, हात द्या" म्हणत होते, पण हात द्यायला मला दगड सोडावा लागणार होता.

बाबा माझ्या मागे होते. त्यांनी आवाज चढवला नाही. लहानपणी मला पोफळीवर चढायला शिकवताना ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "पायाकडे बघू नकोस. पुढची पोफळ हाताला लागल्याशिवाय मागची सोडायची नाही. डाव्या हाताला तो दगड आहे बघ, तो धर. धरलास? आता मागचा सोड."

सुपारी काढणारे एकदा वर चढले की खाली उतरत नाहीत, झाड झुलवून शेजारच्या झाडावर जातात. बाबा अख्खी वाडी तशी फिरायचे. मी नववीत असताना तीन झाडं गेलो होतो, मग दहावी आली, क्लास आले आणि राहिलं ते राहिलंच.

तसं एकेक धरत पलीकडे गेलो. मामांनी दंडाला धरून ओढून घेतलं. बाबा मागून कॅनव्हासच्या बुटांत चालत आले, नाक्यावर पान आणायला निघाल्यासारखे. कुणी काही बोललं नाही. नागपूरकराने न मागता चिक्की दिली.

खाली दापोलीत पोचलो. "ही आमच्या रूटवरची दापोली नव्हे," बाबांनी जाहीर केलं. ती रत्नागिरीतली, ही महाडकडची. हवा एकदम दमट झाली, अंगाला चिकटायला लागली, आणि मला बरं वाटलं. काळ नदीच्या खोऱ्यातून संध्याकाळपर्यंत रायगडवाडी. माझ्या गुडघ्यांबद्दल बोलायला नको.

पाचव्या दिवशी रायगड. रोपवे १९९६ पासून आहे, पण आम्ही पायऱ्यांनीच गेलो. बाबा शाळांच्या सहलीच्या गाड्या घेऊन पाचाडला किती वेळा आले असतील. मुलं वर जायची, हे आणि ड्रायव्हर खाली गाडीत झोप काढायचे. स्वतः वर कधीच आले नव्हते. त्यांनी पायऱ्या मोजल्या. इंदूरवाल्याच्या घड्याळानेही मोजल्या. दोन आकडे जुळले नाहीत, तेव्हा बाबांनी त्याला घड्याळ दुकानात परत देण्याचा सल्ला दिला.

जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. रायगड बांधणारा माणूस. देवळात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा पाय ज्यावर पडेल त्या पायरीवर त्याने नाव घातलं. आम्ही कोडमध्ये वरती कॉमेंट टाकतो आपल्या नावाची, आणि दोन वर्षांनी कुणीतरी अख्खी फाइल उडवतो. मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी वाकून वाचायचा प्रयत्न केला, मग पायरी चुकवून आत गेले.

बाहेर आल्यावर आम्ही दोघंच भिंतीच्या सावलीत बसलो. मी म्हटलं, "बाबा, परवा रात्री मोहरीत... मी ऐकलं."

"माहीत आहे."

"कसं?"

"झोपलास की घोरतोस तू. घोरत नव्हतास."

मला काय बोलायचं होतं ते मी वाटेत तीन-चार प्रकारे जुळवलं होतं, त्यातलं काहीच आलं नाही. फ्लॅट नको असंही म्हणता येईना, कारण खोटं ठरलं असतं. हवाच आहे. फक्त एवढं विचारलं, "इसार घेतलात का?"

"नाही. मार्चअखेर सांगतो म्हटलंय त्याला."

मग त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं, बूट काढून खडे झटकले, आणि म्हणाले चल, महाडची गाडी चुकेल.

महाड स्टँडवर मामांचा निरोप घेतला. मामांनी पैसे मोजून घेतले नाहीत, बाबांनी त्यांना पत्ता लिहून दिला. श्रीवर्धनची गाडी आधी लागली. बाबा पुढच्या दाराजवळच्या, कंडक्टरच्या सीटशेजारी जाऊन बसले आणि गाडी सुटायच्या आतच त्या पोराशी गप्पा मारायला लागले. मी पुण्याच्या गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी दहाला स्टँडअप होता.

या विकांतालाही इथे काही येणार नाही, आधीच सांगून ठेवतो. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने घरी जातोय. विहिरीवरच्या पंपाचा फूट-व्हॉल्व्ह गेलाय, नवीन झाडांना चार दिवस पाणी नाही, आणि व्हॉल्व्ह पुण्यातून आणायला सांगितलाय. दीड इंची की दोन इंची, ते मात्र परत फोन करून विचारायला हवं.